छापील मॅन्युअलमधले कमांड-लाइन ऑप्शन: या चुका टाळा

मॅन्युअलचं प्रूफ हातात आलं की मी आधी मजकूर वाचत नाही, आडव्या रेघा बघतो. निम्मी दुरुस्ती तिथेच निघते.

सगळ्यात जास्त छळ दोन हायफनचा. ऑप्शन म्हणजे कमांडचं वागणं बदलणारी पुढची जोड; पूर्ण शब्दाच्या लांब ऑप्शनच्या आधी दोन हायफन हवेत, पण वर्ड प्रोसेसरचा ऑटोकरेक्ट त्यांचा परस्पर एक डॅश करून टाकतो. लाटेक ही पानं जुळवणारी प्रणालीही साध्या मजकुरात दोन हायफनचा एन डॅश, म्हणजे हायफनपेक्षा लांब रेघ, करते. पानावर रेघ सुबक दिसते आणि वाचणारा कीबोर्डवर एकच हायफन दाबतो. लिनक्सवर ‘आरएम --डीआयआर’ रिकामी डिरेक्टरी (फोल्डर) काढून टाकतं. एक हायफन गळला की डी, आय, आर असे तीन सुटे ऑप्शन होतात, आणि त्यातला आर आतलं सगळं काढायला निघतो. मधला आय प्रत्येक वेळी विचारतो म्हणून निभावतं.

एका इन्स्टॉलेशन गाइडचं निस्तरणं माझ्याकडे आलं होतं. डीटीपी ऑपरेटरने ‘डॅश नीट केले’ म्हणजे सगळ्या फाइलभर रिप्लेस ऑल मारलं होतं. त्याच फाइलची पीडीएफ ग्राहकांकडे गेली, आणि त्यांनी त्यातून ‘मेकडिर –पी’ची ही डिरेक्टरी बनवायची ओळ कॉपी केली. शेलला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, तो डॅश म्हणजे हायफन नव्हे, त्यामुळे कमांडने ‘–पी’ हे नाव समजून त्या नावाची डिरेक्टरीच बनवली. हवी असलेली डिरेक्टरीही बनली, एरर काहीच नाही. पुढे सपोर्टवाल्यांना हे भूत दिसलं. ती काढायला त्यांनी हाताने ‘आरएमडिर -पी’ टाइप केलं, तर उत्तर आलं की ऑपरंडच, म्हणजे डिरेक्टरीचं नावच, दिलेलं नाही, कारण या वेळी हायफन खरा होता आणि ‘-पी’ ऑप्शन ठरला. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसत होते. शेवटी नावांची यादी देणाऱ्या एलएसच्या आउटपुटमधून नाव कॉपी करून ती काढली. लेखकाचं म्हणणं एकच: छापलेलं तर बरोबर दिसतंय.

माझी सवय सांगतो. ऑटोकरेक्ट लिहायला बसण्याआधीच बंद. लाटेकमध्ये कमांड व्हर्बॅटिममध्येच, म्हणजे टाइप केलं तसंच छापणाऱ्या भागात; नुसता टाइपरायटर फॉन्ट लावून भागत नाही, टी१ या फॉन्ट एन्कोडिंगमध्ये तिथेही हायफन जुळतात. शेवटच्या पीडीएफमध्ये एन डॅश शोधायचा आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी बघायची. कंटाळवाणं आहे, मान्य. ज्यांना हेही एका क्लिकमध्ये हवं असतं, त्यांची कामं मग माझ्याकडे येतात.

दुसरं दुखणं ओळ तुटण्याचं. ‘--नो-व्हेरिफाय’ मधला ‘--नो-’ ओळीच्या शेवटी अडकला की तो हायफन ऑप्शनचा की पानाच्या मांडणीचा, हे कळायला मार्ग नाही. नुसतं ‘--’ मागे राहिलं तर आणखी वाईट, कारण एकट्या दोन हायफनलाही अर्थ आहे: ऑप्शन संपले, पुढे नावं. कोडच्या स्टाइलमध्ये हायफनेशन बंद ठेवा. तरीही तुटत असेल तर मी वाक्यच बदलतो किंवा कमांड वेगळ्या ओळीवर घेतो. कमांडच लांब असेल तर शेवटी बॅकस्लॅश, आणि त्याच्यापुढे स्पेससुद्धा नाही.

बाकीच्या चुका पटापट. ‘एलएस -एल’ सविस्तर यादी देतं, ‘एलएस -१’ ओळीला एक नाव. ज्या फॉन्टमध्ये एल आणि एक जुळे भाऊ वाटतात तो कोडला वापरू नका. प्रोग्रामिंगच्या काही फॉन्टमध्ये लिगेचर (जोडचिन्हं) असतात, ते दोन हायफन चिकटवतात. छपाईसाठी बंद करा. सगळी कॅपिटल अक्षरं असलेल्या मथळ्यात ऑप्शन नको: दुसऱ्या मशीनवर फाइल कॉपी करणाऱ्या एससीपीला कॅपिटल पी म्हणजे पोर्ट, स्मॉल पी म्हणजे फाइलच्या वेळा आणि परवानग्या जपणं. गोल अवतरणचिन्हं शेल ओळखत नाही. रूटच्या (ॲडमिनच्या) प्रॉम्प्टचा, म्हणजे कमांडआधी आपोआप दिसणारा, हॅश (#) कमांडला चिकटून छापला की नवखा तोही टाइप करतो. पुढची सगळी ओळ कॉमेंट ठरते, काहीच घडत नाही, आणि तो मशीनला दोष देतो. ‘गिट ॲड .’ मधला टिंब मुद्रितशोधकाने पूर्णविराम समजून हलवला नाही ना, तेही बघा.

आणि हे सगळं टाळायला टर्मिनलचा स्क्रीनशॉट चिकटवू नका. त्यातून काही कॉपी होत नाही, आणि कागदावर दोन हायफन एकमेकांत मिसळतात ते वेगळंच.