कोऱ्या ॲटमेगा चिपसाठी घरच्या घरी प्रोग्रामिंग बोर्ड

यंत्रमागाच्या फेऱ्या मोजणारा काउंटर असो की टाकी भरली की वाजणारा अलार्म, एखाद-दुसऱ्या नगात अख्खा अर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा तयार बोर्ड) कोंबला तरी चालतं. दहा नग करायचे म्हटलं की उनोसारख्या बोर्डावरची ॲटमेगा ३२८पी ही चिपच कोरी घेतलेली परवडते, आणि तिच्यात प्रोग्राम टाकायला बोर्ड लागतो. बाजारातल्या स्वस्त यूएसबी प्रोग्रामरला चिप बसवायचं सॉकेट नसतं. दर चिपला ब्रेडबोर्डवर वायरी खोचायच्या आणि कुठली सुटली ते शोधायचं. त्यापेक्षा एक संध्याकाळ द्या, उनोलाच प्रोग्रामर बनवा आणि त्याला जोडायला सॉकेटवाला बोर्ड करा.

सामान: एक उनो, झिरो पीसीबी (नुसत्या भोकांची पाटी), २८ पिनांचं अरुंद झिफ सॉकेट (दांडी उचलली की चिप सोडणारं), १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, २२ पीएफचे (पिकोफॅरड) दोन आणि १०४ चे (०.१ मायक्रोफॅरड) दोन सिरॅमिक कपॅसिटर, १० के (किलोओहम) रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, एक एलईडी आणि तिच्यासाठी १ के. फ्लक्स, सोल्डर, विक (जादा सोल्डर शोषणारी जाळी) वगैरे सोलापुरात नवी पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे विचारा. झिफ सॉकेट मिळालं नाही तर ऑनलाइन मागवा, किंवा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतून आणा. सॉकेटवर पैसे वाचवू नका. साध्या आयसी बेसमधून चिप उचकटताना पाचव्या-सहाव्या वेळी पाय वाकतो आणि आठव्याला तुटतो.

उनोवर बसणारी शील्ड करायच्या फंदात पडू नका. उनोवरची ८ ते १३ नंबरची पट्टी झिरो पीसीबीच्या भोकांशी जुळत नाही, अर्ध्या भोकाचा फरक पडतो. बोर्ड वेगळा ठेवा आणि १५ सेंटिमीटरच्या सात वायरी काढा.

जोडणी अशी. उनोचा १० नंबर, चिपच्या १ नंबर पायाला (रीसेट), ११ हा १७ ला, १२ हा १८ ला, १३ हा १९ ला. पाच व्होल्ट ७ आणि २० या दोन्ही पायांना, ग्राउंड ८ आणि २२ ला. २१ मोकळा. १ नंबर आणि पाच व्होल्टच्या मध्ये १० के. १०४ चा एक कपॅसिटर ७-८ च्या मध्ये, दुसरा २०-२२ च्या मध्ये, सॉकेटला अगदी चिकटून. सातवी वायर उनोच्या ९ वरून, १ के मधून एलईडीला. ती मंद उजळत-विझत राहिली की उनो तयार आहे.

सोल्डरिंग खालून होतं आणि खालून पाहिलं की पाय आरशातल्यासारखे उलटतात. पीसीबी पालथी करण्याआधी १ नंबरच्या भोकाभोवती खालच्या बाजूनेही मार्करने गोल काढा. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद ठेवून सोल्डरिंग करणं ही शिक्षाच आहे, पण झोत थेट टोकावर घेतलात तर ड्राय जोड पदरात पडतात. काम संपल्यावर मल्टीमीटर बीपवर ठेवून प्रत्येक वायर तपासा. पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये बीप वाजला तर उनो जोडूच नका.

आता क्लॉक, म्हणजे चिपला चालवणारा ठोका. लोक इथेच अडकतात आणि चांगल्या चिपा कचऱ्यात टाकतात.

कोरी चिप स्वतःच्या आतल्या ८ मेगाहर्ट्‌झवर चालते. त्याला कारखान्यातूनच आठने भागलेलं असतं, म्हणजे प्रत्यक्षात १ मेगाहर्ट्‌झ. बाहेर क्रिस्टल नसला तरी ती बोलते. मग तुम्ही अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड म्हणून उनो निवडता आणि ‘बर्न बूटलोडर’ दाबता. हे काम दोन टप्प्यांत होतं: आधी चिप पुसून फ्यूज (चिप कशी चालेल ते ठरवणाऱ्या सेटिंग्ज) लिहिले जातात, नंतर बूटलोडर (पुढचे प्रोग्राम प्रोग्रामरशिवाय उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम) भरला जातो. पहिल्या टप्प्यातले फ्यूज चिपला सांगतात, ‘यापुढे बाहेरच्या क्रिस्टलवर चाल.’ क्रिस्टल नसेल तर दुसऱ्या टप्प्याला चिप गप्प. सिग्नेचरच्या (चिपच्या ओळख-क्रमांकाच्या) जागी सगळी शून्यं येतात. पहिला अर्धा भाग झाला आणि दुसरा अडला, तर कारण बहुतेक हेच.

ही चिप मेलेली नाही, तिला फक्त ठोका मिळत नाहीये. क्रिस्टल लावलेल्या सॉकेटमध्ये बसवा, लगेच बोलेल. म्हणून या बोर्डवर क्रिस्टल हवाच, तुमच्या अंतिम सर्किटमध्ये तो नसला तरीही. ‘आतला क्लॉक वापरणार आहे, मग क्रिस्टल कशाला’ हा सल्ला ऐकू नका.

क्रिस्टल ९ आणि १० या पायांना, प्रत्येकाला एक २२ पीएफ, आणि दोन्हींची दुसरी टोकं ८ नंबरच्या ग्राउंडला. तिन्ही पाय शेजारीच आहेत, त्यामुळे सगळं सेंटिमीटरभरात बसतं आणि बसवाच. लांब वायरीवर लटकवलेला क्रिस्टल आज चालतो, उद्या चालत नाही. ९-१० च्या मध्ये फ्लक्सचा चिकट थर राहिला तरी क्रिस्टल सुरू व्हायला कुरकुरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढा.

आणि एक फ्यूज आहे ज्याला हात लावायचा नाही: रीसेटचा पाय साधा पाय म्हणून वापरायची मुभा देणारा. तो लिहिला की या बोर्डवरून त्या चिपशी पुन्हा बोलता येत नाही. १२ व्होल्टचा हाय व्होल्टेज प्रोग्रामर लागतो.

बाकी सोपं. उनोत उदाहरणांमधला ‘अर्डुइनो आयएसपी’ प्रोग्राम टाका. त्यानंतरच, आधी नाही, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये लावा, प्लस रीसेटकडे. तो उनोवर लागतो, नव्या चिपच्या रीसेटवर नाही. टूल्समध्ये प्रोग्रामर निवडताना ‘अर्डुइनो ॲज आयएसपी’ घ्या. ‘अर्डुइनो आयएसपी’ नावाचा जुळा भाऊ त्याच यादीत असतो, तो नको. प्रत्येक चिपला एकदा ‘बर्न बूटलोडर’, मग स्केच मेनूतून ‘अपलोड युझिंग प्रोग्रामर’. त्यात बूटलोडर पुसला जातो, जाऊ द्या, विकायच्या नगात त्याचं काम नाही. काम लॅपटॉपवर करा, म्हणजे फ्यूज लिहिताना वीज गेली तरी अडत नाही.

सिग्नेचर १ई ९५ ०एफ यायला हवी. १ई ९५ १४ आली तर दुकानदाराने ‘पी’ नसलेली ३२८ दिली आहे. दर वेळी वेगळीच आली तर ग्राउंडची वायर आणि १०४ पाहा.

प्रोग्राम टाकून झालेल्या चिपेवर लगेच मार्करचा ठिपका द्या. कोरी आणि भरलेली दिसायला सारखीच असते.