बिघडत्या डिस्कचा क्लोन बूट होत नसेल तर काय तपासावे

मरणपंथाला लागलेल्या हार्ड डिस्कवरून सारे काही जसेच्या तसे नव्या एसएसडीवर उतरवावे (म्हणजे क्लोन करावा), संगणक सुरू करावा आणि पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढेच उमटावे, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी माहीत असलेल्या सगळ्या दुरुस्ती-आज्ञा एकामागून एक चालवण्याचा मोह होतो. तो आवरून आधी एक गोष्ट ठरवावी: विंडोजपर्यंत पोहोचण्याचा रस्ता तुटला आहे, की रस्ता शाबूत असून खुद्द विंडोजच्या फायलींनाच भोके पडली आहेत? धडधाकट डिस्कच्या क्लोनमध्ये बहुधा पहिलेच कारण असते. खराब सेक्टर (मजकूर साठवण्याचे डिस्कवरील छोटे कप्पे) असलेल्या डिस्कच्या बाबतीत दुसरेही तितकेच संभवते.

उत्तर मिळवण्यासाठी क्लोन करताना तयार झालेली नोंद पाहावी. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे बिघडत्या डिस्कवरून मजकूर वाचवणारे साधन वापरले असेल, तर त्याच्या मॅपफाइलमध्ये कोणते सेक्टर वाचता आले नाहीत हे नेमके लिहिलेले असते. काही भाग उरला असल्यास तीच मॅपफाइल देऊन, थेट वाचनाचा पर्याय आणि दोन-तीन पुनःप्रयत्न सांगून, तो पुन्हा वाचून पाहावा. मात्र हे सर्व क्लोनवर कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वीच उरकावे. चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा) चालल्यावर किंवा विंडोज एकदा सुरू झाल्यावर क्लोनवरील मजकूर बदललेला असतो, आणि त्यानंतर जुन्या डिस्कवरील सेक्टर त्यात भरल्यास दोन वेगवेगळ्या वेळच्या मजकुराची सरमिसळ होते. जुन्या डिस्कवर तर चेकडिस्क कधीच चालवू नये. अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर ते लेखनाचा आणखी ताण टाकते.

वाचन संपले की जुनी डिस्क केबलसकट काढून ठेवावी. क्लोन आणि मूळ डिस्क यांची ओळख-सही एकच असल्यामुळे दोन्ही जोडलेल्या दिसताच विंडोज एकीला ऑफलाइन ठेवते, आणि तिला ऑनलाइन आणल्यास तिची सही बदलते. ती नेमकी नवी डिस्क असली, तर बूटच्या नोंदीतला पत्ता चुकतो आणि चालणारा क्लोनही बंद पडतो.

आता बायोस, म्हणजे संगणकाच्या मूलभूत सेटिंगचा पडदा, उघडावा. डिस्कच्या विभागांची, म्हणजे पार्टिशनांची, नोंद नव्या जीपीटी किंवा जुन्या एमबीआर पद्धतीने ठेवलेली असते. जीपीटी पद्धतीच्या डिस्कवरील विंडोजला यूईएफआय हा नवा बूट मोड लागतो आणि एमबीआर पद्धतीच्या डिस्कला लेगसी हा जुना. संगणक वेगळा असेल किंवा बायोस रीसेट झाला असेल, तर हीच जोडी जुळत नाही. साटा मोड (संगणकाने डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआय आणि रेड यांपैकी जुन्या मांडणीत जो होता तोच ठेवावा. क्लोन यूएसबी डॉकमधून (डिस्क यूएसबीने जोडण्याच्या खोबणीतून) केला असेल, तर आणखी एक शंका घ्यावी: काही डॉक ५१२ बाइटच्या सेक्टरऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात, आणि तीच डिस्क थेट मदरबोर्डला जोडल्यावर पार्टिशनचा तक्ता वाचता येत नाही. यावर डिस्क थेट जोडून पुन्हा क्लोन करणे हाच सरळ उपाय आहे.

केवळ 'सी' ड्राइव्ह उतरवला गेला आणि फॅट३२ स्वरूपाचे, बहुधा १०० एमबीचे ईएफआय पार्टिशन (बूटच्या फायलींचा विभाग) मागेच राहिले, ही चूकही वारंवार होते. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बूट करून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि डिस्कपार्ट या पार्टिशन हाताळणाऱ्या साधनात पार्टिशनांची यादी पाहावी. ईएफआय पार्टिशन नसेल तर तयार करून फॉरमॅट करावे, त्याला 'एस' हे अक्षर द्यावे आणि बूटच्या फायली नव्याने लिहिणारी बीसीडीबूट ही आज्ञा चालवावी. तिच्यात विंडोज फोल्डरचा पत्ता, '/एस'पुढे ते अक्षर आणि '/एफ'पुढे यूईएफआय असे लिहावे लागते (टंकताना अर्थात रोमन लिपीतच). या वातावरणात विंडोजचा ड्राइव्ह 'सी'च असेल असे नाही, म्हणून आधी खात्री करून घ्यावी. जुन्या लेखांत हमखास सांगितलेले बूटरेक या बूट-दुरुस्तीच्या आज्ञेचे 'फिक्सएमबीआर' यूईएफआय यंत्रावर निरुपयोगी आहे.

लोगो दिसून निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आले, तर रस्ता ठीक असून नव्या डिस्कचा ड्रायव्हर बूटच्या वेळी उचलला जात नसण्याची शक्यता मोठी असते. साटा डिस्कवरून एनव्हीएमई (वेगळ्या, अधिक वेगवान जोडणीच्या) एसएसडीवर गेल्यास हे विशेष घडते. बीसीडीएडिट या बूटच्या नोंदी बदलणाऱ्या आज्ञेने सेफ मोड लावून एकदा सुरू करावे. विंडोज ड्रायव्हर जागेवर बसवते आणि मग सेफ मोडची ती नोंद काढून टाकता येते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच हाताशी असावी.

मॅपफाइलमध्ये भोके उरलेलीच असतील, तर डीडीरेस्क्यूच्या 'फिल-मोड'ने क्लोनवरील न वाचलेल्या सेक्टरांत एखादे ठळक, अन्यत्र न आढळणारे वाक्य भरावे आणि ते कोणत्या फायलींत सापडते हे शोधावे. नुकसान विंडोजचे आहे की घरच्या फोटोंचे, हे त्यावरून कळते. हेही दुरुस्तीच्या आधीच करायचे. त्यानंतर क्लोनवर चेकडिस्क, मग पेनड्राइव्हवरूनच ऑफलाइन एसएफसी, असा क्रम ठेवावा. एसएफसी विंडोजच्या मूळ फायली परत आणते. पण 'सिस्टम३२'मधील 'कॉन्फिग' फोल्डरातील रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्याच्या) फायली ती भरून देऊ शकत नाही. पूर्वी त्यांची प्रत 'रेगबॅक' फोल्डरात मिळत असे. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ती आपोआप ठेवली जात नाही. रजिस्ट्रीच फाटली असेल आणि जुना बॅकअप नसेल, तर क्लोनवरील कागदपत्रे अन्य डिस्कवर काढून घेऊन विंडोज नव्याने बसवण्यातच कमी वेळ जातो.