सायकल चोरीला जाऊ नये म्हणून कुलूप कुठे आणि कसं लावावं

आधी कुलपाचं बोलू. केबल लॉक घेऊ नका. रंगीत प्लास्टिकच्या आत तारेचा पीळ असतो आणि तो साध्या कटरने तुटतो. तरी तीस हजारांची गिअरची सायकल लोक तेवढ्याच भरवशावर रात्रभर सोडतात, याचा मला मनापासून राग येतो. मागच्या चाकाचं जुन्या पद्धतीचं गोल कुलूप चाक फिरू देत नाही, पण अख्खी सायकल उचलून टेम्पोत टाकायला कुलूप उघडावं लागतच नाही. कडक पोलादाचं यू-लॉक, म्हणजे इंग्रजी U अक्षराच्या आकाराचं कुलूप घ्या, दांडा किमान १२ मिलिमीटर जाड. आकडे जुळवायची स्वस्त कुलपं नकोतच.

खरी मेख कुलूप अडकवण्यात आहे. चांगलं यू-लॉक घेऊनही लोक ते पुढच्या चाकात घालतात, कारण ते हाताशी असतं. पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय लीव्हरने सुटणारं असेल तर लीव्हर उलटवायचा, चाक कुलपासकट रेलिंगला ठेवायचं आणि बाकीची सायकल घेऊन जायचं. पुण्यात असं एकटं उरलेलं चाक मी पाहिलं आहे.

कुलूप मागे लावा. सीटखालची उभी नळी आणि तिथून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या वरच्या व खालच्या नळ्या मिळून एक त्रिकोण होतो. मागचं चाक त्या त्रिकोणात शिरतं तिथे रिम, टायर आणि बाहेरचा खांब एकाच यूमध्ये घ्या. फ्रेमची नळी कुलपात आली नाही तरी चालतं. ही पद्धत अमेरिकेतले सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राऊन आवर्जून सांगत. ऐकून कुणालाच पटत नाही, मलाही पटायला वेळ लागला. म्हणून घरी करून बघा. कुलूप लावा, मागचं चाक सैल करा आणि सायकल सोडवायचा प्रयत्न करा. कुलूप त्रिकोणाच्या नळ्यांना अडतं, सायकल सुटत नाही. चोराला रिम कापावी लागते, आणि रिम कापलेली सायकल विकायची कुणाला?

यूमध्ये जितकी कमी मोकळी जागा तितकं बरं, कारण तिथेच पहार घालून पिळतात. जागा उरत असेल तर सीटखालची नळीही आत घ्या. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका, हातोड्याला आयता आधार मिळतो. किल्लीचं भोक खाली ठेवलं की पावसाळ्यात पाणीही आत साचत नाही. पुढच्या चाकाला जाड साखळी, आणि सीटचा क्विक रिलीज काढून साधा बोल्ट.

खांब आधी हलवून बघा. नो पार्किंगच्या आखूड खांबावरून सायकल कुलपासकट वर उचलून काढता येते. रेलिंग नटबोल्टवर असेल तर पान्याने सुटतं.

सगळ्यात गाफील जागा म्हणजे सोसायटीचं पार्किंग. ‘वॉचमन आहे, कॅमेरा आहे’ यावर विसंबू नका. कॅमेऱ्यात टोपी घातलेला माणूस दिसतो, सायकल काही परत येत नाही. कमिटीची परवानगी घेऊन जमिनीच्या काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने जाड कडी बसवून घ्या आणि नटावर वेल्डिंगचा टाका मारा, नाहीतर पान्याने तोही निघेल. इमारतीच्या कॉलमला मात्र भोक पाडू देऊ नका.

आजच सायकल उलटी करा. पेडलचा अ‍ॅक्सल जातो त्या जाड नळीच्या पोटावर बहुतेक सायकलींचा फ्रेम नंबर असतो. चिखल पुसून त्याचा फोटो काढा, बिलासोबत ठेवा.

तरीही चोरी झालीच, तर पोलीस ठाण्यात ‘गहाळ’ची नोंद घेऊन परत येऊ नका. चोरीचा एफआयआर मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे, आणि पाच हजारांच्या आतल्या चोरीला वेगळी, सौम्य तरतूद आहे. म्हणून किंमत दाखवणारं बिल बरोबर न्या. तक्रार ऑनलाइन पाठवली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तुमचीच सायकल एखाद्या जाहिरातीत दिसली, तर विकणाऱ्याला एकट्याने भेटायला जाऊ नका. स्क्रीनशॉट आणि फ्रेम नंबर तपास करणाऱ्या पोलिसांकडे द्या आणि त्यांना बरोबर घेऊनच जा.