चेटो घरी आणण्याआधी

कोरल टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, नायट्रेट-फॉस्फेट वाढलं की पहिला सल्ला येतो, "चेटो टाक." सल्ला खरा आहे. कीटोमॉर्फा, म्हणजे ज्याला आपण सगळे चेटो म्हणतो ते तंतूंच्या गुंत्यासारखं समुद्री शेवाळ, पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन वाढतं. पण पीक घ्यायचं तर आधी रान तयार लागतं. तयारी नसताना आणलेलं चेटो थोड्याच दिवसांत पांढरं पडून विरघळतं आणि त्याने खाल्लेलं सगळं पुन्हा पाण्यात उतरतं. म्हणून पार्सल मागवायच्या निदान पंधरा दिवस आधी कामाला लागा.

त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आमच्या बेळगावात शहापूर-वडगावच्या शिवारात बांधावरचं गवत रानातलं खत ओढून घेतं, पण ते कापून म्हशीपुढे टाकलं तरच खत रानाबाहेर गेलं. तिथंच कुजलं तर मातीत परत. चेटोचा हिशेब अगदी हाच आहे. संपात, म्हणजे टँकखालच्या जोडटाकीत, कितीही हिरवंगार दिसो, कापून बाहेर काढाल तेवढाच फायदा.

आता पाणी. राकसकोप धरणाचं असो, हिडकल धरणाचं असो की बोअरचं, नळातून थेट टँकमध्ये नको. घरच्या आरओवर भरवसा ठेवणाऱ्यांनी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं) घेऊन एकदा मोजून बघावं. पिण्याच्या मशीनमध्ये चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात, आकडा चाळीस-पन्नास सहज दिसतो. त्यापुढे उरलेले क्षार काढणारा डीआय रेझिनचा डबा जोडा आणि मीटरवर शून्य आल्यावरच समुद्री मीठ कालवा. क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि मीठ मागे राहतं, तेव्हा भर घालायची ती गोड्या डीआय पाण्याची.

मग मोजमाप. वही घाला आणि दोन आठवडे दर तीन दिवसांनी नायट्रेट आणि फॉस्फेट लिहून ठेवा. सुरुवातीचा आकडा हाताशी नसला तर पुढे चेटोने काय केलं ते कळणार नाही. हॅना कंपनीच्या ज्या मीटरवर पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) फॉस्फरस दिसतं, तिथे तो आकडा ३.०६६ ने गुणून १००० ने भागा, तेव्हा पीपीएममधलं (दहा लाखात किती भाग) फॉस्फेट मिळतं. मीटरवर ३० दिसलं तर फॉस्फेट साधारण ०.०९. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आत राहिलं की मला समाधान असतं. शून्याच्या मागे लागू नका, मी हे कळकळीने सांगतोय. दोन्ही शून्यावर आली की कोरल फिकट पडतात, आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचा तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर धरला की तो महिनोन्महिने हटत नाही.

समुद्री शेवाळांच्या शरीरात सरासरी ३० नायट्रोजन अणूंमागे १ फॉस्फरस अणू असतो, असं ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये दाखवलं. पाणी तपासायच्या किटच्या भाषेत हे साधारण २० भाग नायट्रेटमागे १ भाग फॉस्फेट होतं. त्यामुळे जुन्या दगडांतून फॉस्फेट झिरपत असेल, तर नायट्रेट आधी संपतं, फॉस्फेट तसंच राहतं आणि चेटोची वाढ खुंटते. तुमच्या वहीत हे चित्र आधीच दिसत असेल तर नायट्रेट थोडं वरून द्यायची सोय लागेल. फॉस्फेट शोषणारं मीडिया (फिल्टरमधलं भरण) चालू असेल तर चेटो आल्यावर ते हळूहळू कमी करत न्या. दोघांना एकाच ताटात जेवायला बसवलं तर शेवाळच उपाशी राहतं.

जागा टाकीखालच्या संपात करा, आणि पाणी वर टँकमध्ये परत पाठवणाऱ्या रिटर्न पंपाच्या आधी प्लास्टिकची बारीक जाळी घट्ट बसवा. पहिल्या पावसाळ्यात मी ती बसवली नव्हती. एका पहाटे पंप घरघरून बंद पडला. उघडून बघतो तर इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या पंख्याच्या) दांडीला हिरवा तंतू इतका घट्ट गुंडाळलेला, की वडगावच्या मागावरची भरलेली कांडीच वाटावी. ब्लेडने उभा छेद देऊन चिमट्याने एकेक पीळ काढण्यात तास गेला, तोवर वर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं हलवत होते. जाळी शंभर-दोनशे रुपयांत होते. आधी ती, मग चेटो. प्रवाह असा ठेवा की गुंता हळूहळू उलटत राहील. एका जागी बसला की खालच्या बाजूला उजेड पोचत नाही, मळ साचतो आणि तिथूनच कुजायला लागतो.

दिव्यासाठी ६५०० केल्विनचा साधा पांढरा एलईडीही चालतो, लाल-निळा ग्रो लाइट असेल तर उत्तम. तो वरचा दिवा बंद असताना, म्हणजे रात्री लावा. रात्री मासे, कोरल, बॅक्टेरिया सगळे कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकतं. खाली उजेडात बसलेलं चेटो तो कार्बन डायऑक्साइड वापरून टाकतं. सुरुवात आठ तासांनी करून हळूहळू वाढवा. टायमर, आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), आणि पाणी ओघळून प्लगात जाऊ नये म्हणून वायरीला खाली झोळ, यात हयगय नको.

आपल्याकडचं हवामान या यादीत वेगळं धरावं लागतं. खानापूरच्या बाजूला पावसात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि अंधारात शेवाळही ऑक्सिजनच खातं. बॅटरीवरचा एअर पंप चार्ज करून हाताशी ठेवा. डिसेंबरच्या रात्रींसाठी हीटर, उन्हाळ्याच्या दुपारींसाठी पंखा. बंद कपाटातला रात्रीचा दिवा पाणी किती तापवतो ते आठवडाभर चेटोशिवाय लावून बघा.

शेवाळ निवडताना कॉलर्पा या दुसऱ्या समुद्री शेवाळाच्या देखण्या पानांना भुलू नका. ते कधी कधी एका रात्रीत प्रजननपेशी सोडून पांढरं पडतं आणि पाणी हिरवट दुधासारखं होतं. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या खडकांवरून सी लेट्यूस हे शेवाळ आणायचा मोहही टाळा, सोबत काय येईल सांगता येत नाही. प्रवाळाच्या तुकड्याला तर हातच लावू नका. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

पार्सल येईल त्या दिवशी बादलीत टँकच्याच क्षारतेचं पाणी, एअरस्टोन आणि दिवा तयार हवा. चेटो खाऱ्या पाण्यातच खळबळा, नळाखाली धरू नका. पांढऱ्या ताटलीत मूठमूठ पसरून बघा. एप्टेसिया (डंख मारणारं, नको असलेलं समुद्रफूल), हिरव्या मण्यांसारखं व्हॅलोनिया, केसाळ शेवाळ दिसलं तर तेवढा भाग कापून टाका. आठवडाभर बादलीत राहू द्या, मगच संपात.

त्यानंतर गुंता दुप्पट होईपर्यंत कात्री लावू नका. झाला की एक तृतीयांश काढा, हाताने पिळून भाजीच्या काट्यावर वजन करा आणि तारखेसमोर लिहा. वाढ चांगली असेल तर लोह आणि पोटॅशियम कमी पडू शकतं, तेही त्याच पानावर नोंदवा. काढलेलं चेटो गटारात किंवा नाल्यात सोडू नका. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन मीठ काढा आणि परसातल्या नारळाच्या आळ्यात पसरा.