पीसीचा दाणा वाळला, हे ठरवणार कोण?

इंजेक्शन मोल्डिंगवर नव्याने लागलेल्यांच्या हाती पॉलीकार्बोनेट (पीसी) येतं ते हेडलॅम्पची लेन्स, हेल्मेटचा व्हायझर, वीजमीटरचं कव्हर अशा कामांतून. घनता १.२०, प्रकाश ८८ टक्क्यांच्या आसपास आरपार, हे डेटाशीटवर वाचलं असेलच. नवख्याला रडवते ती ओल.

उघड्या पोत्यातल्या दाण्यात ०.१ ते ०.२ टक्के पाणी असतं. मोल्डिंगला ते ०.०२ टक्क्यांच्या खाली लागतं. मशीनच्या बॅरलमध्ये, म्हणजे दाणा वितळवणाऱ्या तापलेल्या नळीत, २८०-३२० अंशांना हेच पाणी पॉलिमरच्या साखळ्या तोडतं. नशीब चांगलं असेल तर पार्टवर चांदीसारख्या रेघा उमटतात. नशीब म्हणायचं कारण, कित्येकदा रेघ एकही नसते. पार्ट काचेसारखा स्वच्छ, तपासणीत पास, आणि असेंब्लीत स्क्रू आवळताना बॉस, म्हणजे स्क्रू बसवायची पार्टवरची नळी, फुटतो. बॅक प्रेशर (मशीनचा स्क्रू मागे सरकताना वितळलेल्या मालावर ठेवलेला दाब) वाढवून रेघा घालवणारे उस्ताद प्रत्येक शॉपमध्ये भेटतील. त्यांचं ऐकू नका. रेघ जाते, तुटलेली साखळी जुळत नाही. मोल्डऐवजी हवेत शॉट मारून ‘वितळलेल्या मालात फेस नाही, म्हणजे कोरडा’ हेही अर्धंच खरं.

१२० अंश, ४ तास, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ४ तास कुणाचे? ड्रायर सकाळपासून चालू आहे, याला काही अर्थ नाही. प्रत्येक दाण्याला आत ४ तास मिळाले पाहिजेत. मशीन तासाला २० किलो खात असेल, तर ड्रायरचा हॉपर (दाणा भरायचं भांडं) ८० किलोचा हवा. २५ किलोचा असेल तर दाणा सव्वा तासात मशीनच्या स्क्रूवर पोचतो. पहिला लॉट चांगला निघतो, कारण तो सुरुवातीला नीट वाळलेला असतो. माल बिघडतो दुपारी, आणि शिव्या मोल्डला बसतात. त्यातून साधा हॉट एअर ड्रायर शॉपमधलीच हवा तापवून फिरवतो. पावसाळ्यात तळोजा-चाकणला ती हवा किती कोरडी असणार? डिह्युमिडिफायर घ्या, दवबिंदू उणे ३० किंवा त्याखाली ठेवा. वाळलेला दाणा उघड्या ट्रेमध्ये ठेवू नका, पाव तासात तो पुन्हा ओल धरू लागतो.

घाबरू नका, पकडणं सोपं आहे. ३०० अंश आणि १.२ किलो वजनाखाली दाण्याचा एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा; साखळ्या तुटल्या की तो वाढतो) काढा, मग पार्ट दळून, वाळवून त्याचा. दाण्याचा १० आणि पार्टचा १८ आला, तर साखळ्या तुटल्या आहेत. तो चुरा रिग्राइंड म्हणून परत हॉपरमध्ये टाकू नका.

पार्टवरचं तेल थिनरने किंवा ॲसिटोनने पुसायचं नाही, ताण असलेल्या कोपऱ्यांत चिरा जातात. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी पीसी बॅरलमध्ये थंड होऊ द्यायचा नाही: तो पोलादाला घट्ट धरतो आणि आकसताना स्क्रूवरचा नायट्रायडिंगचा कठीण थरही ओढून काढतो. एचडीपीई घालून बॅरलमधला पीसी बाहेर ढकला, म्हणजे पर्ज करा. थोड्या वेळासाठी थांबायचं असेल, तर हीटर १७० अंशांच्या आसपास चालू ठेवा.