ओढ्याच्या तळातील गाळ आणि स्फुरद : तपासणी करताना या चुका टाळा

पंचगंगेला मिळणाऱ्या उसाच्या पट्ट्यातील ओढ्यांमध्ये गावांच्या सांडपाण्याच्या जोडीला शेतातले स्फुरदही (फॉस्फरस) उतरते. डीएपी खतामध्ये ४६ टक्के फॉस्फेट (P₂O₅ या रूपात मोजलेले) असते; पिकाने न उचललेला त्यातला बराचसा भाग मातीच्या बारीक कणांना चिकटतो आणि पावसाळ्यात त्या कणांबरोबर ओढ्याच्या तळाशी येऊन बसतो.

येथूनच पहिली, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक सुरू होते : गाळात गेलेले स्फुरद कायमचे अडकले, असे मानणे. प्रत्येक गाळाची एक समतोल पातळी असते. वरच्या पाण्यात विरघळलेले स्फुरद त्या पातळीपेक्षा जास्त असेल तर गाळ ते शोषतो, कमी असेल तर सोडतो. त्यामुळे सांडपाणी रोखले किंवा खताची मात्रा घटवली की पाण्यातले स्फुरद त्या पातळीखाली जाते आणि तोच गाळ उलट पुरवठा करू लागतो. पाण्याच्या अहवालात आकडा लगेच उतरत नाही, म्हणून उपाय फसला असे ठरवून तो बंद करू नये. गाळाची समतोल पातळी आधी मोजावी.

ती मोजताना नमुना उन्हात वाळवू नये. शेतमातीची ही सवय ओढ्याच्या गाळाला लागू पडत नाही, कारण वाळताना सूक्ष्मजीव मरून त्यांच्यातले स्फुरद मोकळे होते आणि लोहाच्या संयुगांचे रूपही बदलते. वरचा काही सेंटिमीटरचा थर ओलाच, थंड पेटीत आणावा, शक्य तितक्या लवकर तपासावा आणि वजनाचा हिशेब जुळवण्यासाठी ओलावा वेगळ्या भागावर काढावा. वेगवेगळ्या संहतीच्या फॉस्फेट द्रावणांत गाळ साधारण २४ तास हलवतात; ज्या संहतीला गाळ स्फुरद शोषतही नाही आणि सोडतही नाही, ती समतोल पातळी. ही द्रावणे ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात केल्यास क्षारांचे प्रमाण ओढ्याशी जुळत नाही आणि उत्तर चुकते. कमी संहतीच्या बाटल्यांत शोषण ऋण आले तर ती यंत्राची चूक समजून आकडा खोडू नये, कारण तेथे गाळ खरोखरच स्फुरद सोडत असतो.

फक्त वाहत्या पाण्यातला नमुना घेणेही पुरेसे नाही. एप्रिल-मे महिन्यांत डोहात पाणी साचते, तळाशी ऑक्सिजन संपतो, लोह विरघळते आणि त्याला चिकटलेले स्फुरद पाण्यात येते. ही क्रिया सरोवरांचे अभ्यासक मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्येच इंग्लंडच्या सरोवरांवरील अभ्यासात मांडली होती.

अहवाल वाचताना एकक अवश्य पाहावे : १ मिलिग्रॅम स्फुरद म्हणजे सुमारे ३.०७ मिलिग्रॅम फॉस्फेट (PO₄), आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे या एका कारणाने तिप्पट वेगळे दिसू शकतात.

नत्राला मात्र हा हिशेब लावू नये. अमोनियम चिकणमातीला काही प्रमाणात धरून राहते, पण नायट्रेट गाळाला जवळजवळ चिकटतच नाही. त्याचा माग काढायचा असेल तर ओढ्याकाठच्या विहिरींचे पाणी तपासावे.