संत्रा-मोसंबीच्या मातृवृक्षात व्हायरॉइड आहे का, हे कसे तपासावे

वरूड-मोर्शी भागात नवी बाग लावताना आपण कलमाची उंची बघतो, पानांचा तजेला बघतो. कलमाचा डोळा (फुटवा देणारी कळी) ज्या झाडावरून घेतला, त्या मातृवृक्षाची तपासणी झाली होती का, हे विचारायचं राहून जातं. व्हायरॉइड म्हणजे विषाणूहूनही लहान रोगकारक. तो बागेत शिरतो मुख्यतः त्या डोळ्यातून, आणि पुढे सिकेटर, चाकूवरून झाडोझाडी जातो.

आधी खुंट, म्हणजे ज्यावर डोळा बांधतात तो खालचा मुळांचा भाग, कोणता आहे ते पाहा. जंबेरी या लिंबाच्या खुंटावरचं झाड एक्सोकॉर्टिस या साल सोलणाऱ्या रोगाचा व्हायरॉइड पोटात ठेवूनही वर्षानुवर्षं टवटवीत दिसू शकतं. त्याच झाडाचे डोळे रंगपूर लाइम, ट्रायफोलिएट किंवा कॅरिझो खुंटावर बांधले की रोग उघडा पडतो. म्हणून मातृवृक्ष निरोगी दिसतो, हा पुरावा मानू नका.

अशा खुंटांवरच्या झाडांत कलमाच्या जोडाखाली बघा. साल उभी तडकून तिचे पापुद्रे सुटत असतील, झाड खुजं राहिलं असेल, तर एक्सोकॉर्टिसचा संशय घ्यावा. संत्रावर्गीय झाडांत कॅचेक्सिया या दुसऱ्या व्हायरॉइड रोगासाठी जोडाजवळच्या सालीची छोटी खिडकी कापून उघडा. आत तपकिरी डिंक, लाकडात बारीक खड्डे आणि सालीच्या आतल्या बाजूला त्या खड्ड्यांत बसणारे उंचवटे दिसतात. बुंध्याची साल कुजून बाहेर डिंक ओघळत असेल, तर आधी फायटोफ्थोरा बुरशीचा डिंक्या रोग तपासा. बागेत गल्लत इथेच होते.

नुसतं बघून मिळतो तो फक्त संशय. खात्रीसाठी नमुना घ्या, तोही उबदार हवामानात, कारण तेव्हा झाडात व्हायरॉइडचं प्रमाण जास्त असतं. झाडाच्या चारही बाजूंच्या कोवळ्या पण तयार फांद्या पानांसह कापा, झाडागणिक वेगळ्या पिशवीत नाव-क्रमांक लिहून ठेवा आणि थंड पेटीतून प्रयोगशाळेत पोचवा. आरटी-पीसीआर, म्हणजे व्हायरॉइडचा आरएनए शोधणारी चाचणीच मागा. व्हायरॉइडला प्रथिनाचं आवरण नसतं, त्यामुळे प्रथिन ओळखणारी एलायझा चाचणी त्याला पकडू शकत नाही. ट्रिस्टेझा या विषाणूरोगाचा एलायझा अहवाल स्वच्छ आला, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. चाचणी कुठे होईल, याची चौकशी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत करता येईल.

रोपवाटिकेकडे उबदार हरितगृह असेल तर जुनी, भरवशाची पद्धतही वापरावी. जोमदार जंबेरीवर एट्रॉग जातीच्या महाळुंगाचं कलम करा, संशयित झाडाच्या सालीचे दोन तुकडे त्यात बसवा, नंतर शेंडा छाटून एकच नवी फांदी वाढू द्या. दिवसाचं तापमान ३२ ते ३८ अंश ठेवा. पानं खाली वळली, मागच्या बाजूची मधली शीर तपकिरी झाली, वाढ खुंटली, तर झाड बाधित समजा. सौम्य प्रकारांना वेळ लागतो. सहा महिने निरीक्षण सोडू नका. शेजारी साल न बसवलेलं एक महाळुंग ठेवाच, नाहीतर तुलना कशाशी करणार? कॅचेक्सिया नेमका ओळखायला मात्र पार्सन्स स्पेशल हा संत्रावर्गीय सूचक लागतो.

हत्यारांबाबत मी आग्रही आहे. नमुने घेतानाही प्रत्येक झाडानंतर पातं १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या ताज्या द्रावणात बुडवा. पाच टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग घेतले की ते तयार होतं. स्पिरिटने पुसून किंवा ज्योतीवर धरून व्हायरॉइड खात्रीने नष्ट होत नाही. काम संपल्यावर पातं धुवून तेल लावा, ब्लीचने गंज चढतो.

अहवाल बाधित आला तर त्या झाडाचा एकही डोळा वापरू नये. त्यावर औषध नाही. फळं धरत असेल तर झाड ठेवता येईल, पण त्याची छाटणी सगळ्यांत शेवटी करावी. जातच दुर्मिळ असेल, तर प्रयोगशाळेत सूक्ष्म शेंडाकलम (शेंड्याचं अगदी बारीक टोक घेऊन केलेलं कलम) करून घ्यावं आणि त्यातून वाढलेलं रोप पुन्हा तपासून मगच मातृवृक्ष म्हणून लावावं.